सातवे आणि आठवे यांच्या मधले पाहुणे

४ ऑगस्ट

मामास नमस्कार.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. आधी घडलं ते क्रमाने.

१. मागच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला आम्ही तिघांनी दूतावासाच्या प्रवेशदालनातली राजदूतांच्या नावांची लाकडी पाटी भिंतीवरून उतरवली. दोन्ही देशांच्या संबंधांना डिसेंबरात साठ वर्षं होतात. त्यासाठी तिथे पितळी पाटी लागणार आहे.

२. जुन्या पाटीवरची नावं आणि तारखा तपासायच्या, नवीसाठी यादी करायची आणि खाली सही करायची, हे कागद-दुरुस्तीबरोबर माझ्या करारात आहे.

३. पाटीवर एकोणीस नावं आहेत. पहिल्या राजदूतांपासून आताच्या बाईंपर्यंत. चौदावं तुझं.

४. सातवे आणि आठवे यांच्या मध्ये नाव नाही. 'पद रिक्त' असे दोन शब्द आहेत. काळ चौदा महिने.

५. पाटी आडवी ठेवून बाजूने दिवा लावला. 'पद रिक्त'च्या खालून दुसरी अक्षरं उठून दिसली.

६. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने फोटो काढला. खाली एका माणसाचं पूर्ण नाव आहे, रुजू झाल्याची तारीख आहे आणि सोडल्याची तारीख आहे.

७. हे नाव कार्यालयात कुणी ऐकलेलं नाही. निदान सांगतात तसं.

त्या चौदा महिन्यांत तू इथेच तृतीय सचिव होतास, म्हणजे अधिकाऱ्यांत शेंडेफळ. शिवाय या राजदूतांचा इतिहास सध्या तूच लिहितो आहेस. तुझ्या पुस्तिकेचा मसुदा माझ्या टेबलावर आहे आणि त्यात या काळाबद्दल एकच ओळ आहे: 'यानंतर काही काळ पद रिक्त होते.'

फोटो सोबत जोडला आहे. हे कोण?

तुझी भाची


१९ ऑगस्ट

चिमटे,

पत्र मिळालं. पत्र कसलं, पंचनामाच! मामाला अनुक्रमांक घालून प्रश्न विचारणारी भाची आपल्या घराण्यात पहिलीच. पोस्टाची तिकिटं उचलायला लहानपणी मी तुला चिमटा दिला, तिथेच चुकलं. तेव्हापासून जे दिसेल ते उचलून उजेडात धरायची सवय लागली तुला.

फोटोतल्या गृहस्थांना आम्ही 'पाहुणे' म्हणायचो. का, ते सांगतो, म्हणजे तुझं समाधान होईल. माणूस विमानातून उतरला की राजदूत होत नाही. आपल्या राष्ट्रप्रमुखांनी त्यांच्या राष्ट्रप्रमुखांना लिहिलेलं मोहोरबंद अधिकारपत्र असतं. ते तो समारंभात स्वतःच्या हाताने देतो, त्या दिवशी तो राजदूत. लग्न ठरलं म्हणून कुणी जावई होत नाही.

पाहुणे सोमवारी उतरले. शुक्रवारी पहाटे तिथे लष्कराने सत्ता घेतली. अधिकारपत्र ज्यांच्या नावाने होतं ते गृहस्थ तोवर सीमेपलीकडे पोचले होते. आता पत्र द्यायचं कुणाला? नव्या राज्यकर्त्यांना आपल्या सरकारने मान्यता दिली नव्हती, त्यामुळे नवं पत्रही आलं नाही. पाहुणे चौदा महिने राहिले आणि परत गेले. पाटीवर कुणीतरी हौसेने त्यांचं नाव रंगवलं, दोन-चार महिन्यांत चूक लक्षात आली, पुसलं. एवढीच कथा, आणि तीही कंटाळवाणी.

तेव्हा जुनी पाटी नवीवर आहे तशी उतरवून घे. आणि माझा फोटो लावाल तेव्हा डोक्यावरची चकाकी तेवढी कमी कर. तंत्र तुझं, टक्कल माझं.

मामा


२ सप्टेंबर

मामा,

नियम समजला. तो मी एकोणीसही नावांना लावून पाहिला.

राजदूताने अधिकारपत्र दिल्याची तारीख इथल्या राजपत्रात छापली जाते. साठही वर्षांचे खंड आपल्या तळघरात आहेत. सतरा नावांना नियम बसतो. दोन नावांना बसत नाही.

अकराव्यांना चार महिन्यांत परत बोलावलं होतं. त्यांचा समारंभ झालाच नाही. पाटीवर त्यांचं नाव मात्र आहे.

चौदाव्यांची सुरुवात पाटीवर ३ मार्चला आहे. समारंभ २१ जूनला झाला, कारण इथले राष्ट्रप्रमुख उपचारासाठी परदेशी होते. चौदावे तू आहेस. तू सांगितलेल्या नियमाप्रमाणे एकशे दहा दिवस तूही पाहुणाच होतास.

तुझी तारीख चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. ती बरोबरच आहे, पण दुसऱ्या नियमाने. मोहोरबंद पत्राबरोबर त्याची एक उघडी प्रत येते. ती इथल्या परराष्ट्र खात्यात पोचली की त्या दिवसापासून राजदूताचा अधिकार सुरू झाला असं हा देश पहिल्यापासून धरत आला आहे. तू आणि अकरावे याच नियमाने पाटीवर आहात. नियम दोघांना चालतो तर तिसऱ्यालाही चालला पाहिजे. म्हणून प्रश्न एवढाच उरतो: पाहुण्यांची प्रत परराष्ट्र खात्यात पोचली होती का?

तुझ्या वेळचा ड्रायव्हर निवृत्त होऊन इथेच राहिला आहे. महिन्यातून एकदा फाटकावरच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारायला येतो. त्याला पाटीचा फोटो दाखवला.

"पद रिक्त?" तो म्हणाला. "मग चौदा महिने मी गाडीतून कुणाला फिरवलं? भुताला?"

"त्यांना परत यायचा आदेश होता ना? फाइलमध्ये तशी नोंद आहे," मी म्हटलं.

"होता की. तार आली, कुलूप लावा आणि निघा. साहेबांनी तार वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मला विचारलं, गाडीत पेट्रोल किती आहे? म्हटलं, विमानतळापुरतं आहे. तर म्हणाले, बंदरापुरतं आहे का ते सांग."

बंदरावर आपल्या देशाचे कामगार अडकले होते. त्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कचेरीत जमा होते आणि कचेरी जळाली होती. पाहुण्यांनी रोज तिथे जाऊन, एका पिंपावर फळी टाकून, एकेकाला प्रवासाचा दाखला दिला. नोंदवही मी तपासली. दाखले एक हजार तीनशे सोळा. प्रत्येकावर त्यांची सही, आणि सहीखाली हुद्दा: राजदूत.

आणखी एक. ते हयात आहेत. वय त्र्याण्णव. परत गेल्यापासून दर वर्षी दूतावासाला त्यांचं एक पत्र येतं. फाइलमध्ये एकेचाळीस पत्रं आहेत आणि सगळ्यांत एकच वाक्य आहे: 'माझ्या राजदूतपदाच्या कार्यकाळाचा दाखला मिळावा.' एकाही पत्राला उत्तर गेलेलं नाही. कोपऱ्यात शेरा आहे: दप्तरी ठेवावे. त्यांतल्या तीन शेऱ्यांचं अक्षर मी ओळखते. माझ्या वाढदिवसाच्या पत्रांवर तेच असतं.

तुझी भाची


१६ सप्टेंबर

भाचीस,

तुला तिथे कागद शिवायला पाठवलं होतं, इतिहास उसवायला नव्हे.

चाळीस वर्षं मी या खात्यात काढली. तू सहा महिन्यांच्या करारावर आहेस, आणि तो करार कुणाच्या शब्दावर मिळाला हे मी आजवर बोललो नाही. बोलणारही नव्हतो. राजपत्रं चाळून नियम सापडतात, शहाणपण सापडत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच तळघरात आहे. पाहुणे परत आल्यावर चौकशी समिती बसली होती. तिच्यापुढे मी लेखी अहवाल दिला आहे, तो वाच. सत्तापालटाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, प्रत घेऊन मी स्वतः निघालो होतो. नदीवरच्या पुलावर रणगाडे उभे होते. मी परत फिरलो. शुक्रवारी सरकारच उरलं नाही. प्रत पोचली नाही, सबब तो मनुष्य कोणत्याच नियमाने राजदूत नव्हता. आता दोन्ही नियम लावून झाले ना? मग पुरे.

ड्रायव्हरचं म्हणशील तर त्याच्या आठवणींत पेट्रोल नेहमीच जास्त असतं, वहीत कमी. आणि शेऱ्यांचं म्हणशील तर मंत्रालयाने ज्यावर निर्णय दिला आहे अशा पत्राला राजदूत उत्तर देत नाही, फाइलला लावतो. पुढच्या दोघा-तिघांनी काय केलं ते तू वाचलंच असशील.

तुझा करार नोव्हेंबरअखेर संपतो. मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवताना बाई मला विचारतील. त्यांनी विचारलं तर 'कामात चोख आहे' एवढंच सांगायची माझी इच्छा आहे. ती तशीच राहू दे.

आणि यातलं तुझ्या आईला काही कळवू नकोस. तिला रक्तदाब आहे.

मामा


२ ऑक्टोबर

मामा,

रक्तदाब तुला आहे. आईचा कमीच असतो.

अहवाल वाचला. पान दोन, परिच्छेद तीन, तुझी सही. नंतर त्या वर्षीची पोचवही शोधली.

पोचवही कशी असते हे तुला सांगायला नको, पण हे पत्र फाइलला लागलं तर दुसऱ्या कुणाला कळावं म्हणून लिहिते. दूतावासातून हाताने पोचवलेल्या प्रत्येक पाकिटाची त्यात एक ओळ असते. नेणारा कोण, पाकिटात काय, आणि घेणाऱ्याची सही. त्या वर्षीची वही तळघरात पाणी शिरून वीट झाली होती. म्हणूनच ती कुणी उघडली नसावी. मी ती अकरा दिवस दमट पेटीत ठेवली, रोज तीन-चार पानं सोडवली, टिपकागदात घालून वाळवली. सदतीसावं पान काल दुपारी सुटलं.

त्यावर गुरुवारची नोंद आहे. 'अधिकारपत्राची प्रत. एक पाकीट. परराष्ट्र खाते, शिष्टाचार विभाग.' घेणाऱ्याची सही आहे, खात्याचा गोल शिक्का आहे, वेळ आहे अकरा चाळीस. नेणारा: तृतीय सचिव. तृतीय सचिव तेव्हा एकच होता.

आता पाटी. नाव दोन-चार महिन्यांत पुसलं असं तू लिहिलंस. मी त्या ओळीच्या कडेचा टाचणीच्या डोक्याएवढा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तळाशी नाव आहे. नावावर धुराचा आणि पॉलिशचा जाड थर आहे. त्या थरावर पांढरा रंग आहे, आणि पांढऱ्यावर 'पद रिक्त'. इतका मळ दोन-चार महिन्यांत बसत नाही. दुसरं असं, की 'पद रिक्त' लिहिणाऱ्या कुंचल्याचा एक केस वाकडा होता. प्रत्येक उभ्या रेघेच्या डाव्या बाजूला त्याचा बारीक ओरखडा आहे. तसाच ओरखडा सगळ्या पाटीवर आणखी एकाच ओळीत आहे. चौदाव्या.

म्हणजे ते नाव चोवीस वर्षं पाटीवर होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वाचलं. मंत्रालयाला त्याचा त्रास झाला नाही, मधल्या सहा राजदूतांना झाला नाही. तुझं नाव रंगवायला जो माणूस आला त्यानेच त्याच कुंचल्याने ते झाकलं, आणि तेव्हा या इमारतीत हुकूम तुझा चालत होता.

मुदतवाढीबद्दल तुला जे सांगायचं ते बाईंना सांग. माझी हरकत नाही.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे, एका शब्दात चालेल. पाकीट तू पोचवलंस का?

तुझी भाची


१२ ऑक्टोबर

चिमटूस,

मी मामी. हे उत्तर देत नाहीत म्हणून मी लिहायला घेतलं आहे. ह्यांना माहीत नाही.

अगं, काय लिहिलंस तरी काय तू? तुझं पत्र आलं त्या दिवसापासून पुस्तिकेचा कागद टेबलावर तसाच पडलाय. आणि स्वयंपाकघरातले डबे मात्र दोनदा लावून झाले. हे बेचैन झाले की डबे लावतात. चहाची पूड आता मला सापडत नाही, आणि विचारायची सोय नाही. काल सकाळी तासभर वर्तमानपत्र धरून बसले होते. म्हटलं, अहो, पान तरी उलटा. तर म्हणाले, "वाचतोय." एका पानाला एक तास!

मी पत्र मागितलं तर म्हणाले, "सरकारी आहे." सरकारी असेल तर तुझं अक्षर त्यावर कशाला? पण एक शब्द ऐकला. झोपेतून उठल्यासारखे म्हणाले, "पुलावर कुणी नव्हतं." मी म्हटलं, कुठल्या पुलावर? तर डबे लावायला गेले.

त्यावरून मला एक आठवलं, ते तुला विचारायचं आहे. सहा-सात वर्षांपूर्वी ह्यांचा डोळा दाखवायला गेलो होतो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, उंच, ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेली. ह्यांना बघून ते उठून उभे राहिले. एवढ्या वयाचा माणूस उभा राहिला म्हणून मीच ओशाळले. ते म्हणाले, "काय तृतीय सचिव, पूल उघडला का?" राजदूत म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला तृतीय सचिव! मला वाटलं जुनी थट्टा असेल. हे हसले. पण चिमटू, ते हसू मी लग्नानंतर कधी पाहिलेलं नव्हतं. मग डॉक्टरांना न भेटताच घरी आलो. डोळा तसाच राहिला, पुढे त्याचं ऑपरेशन करावं लागलं.

तो कुठला पूल गं? तुला माहीत असेल तर सांग. ह्यांच्याशी भांडण झालं असेल तर भांड, पण अबोला धरू नकोस. अबोला धरला की ते पुन्हा डबे लावतील.

मामी


१८ ऑक्टोबर

चिमटे,

पाकीट मी पोचवलं.

तुझी वही बरोबर आहे. पुलावर रणगाडे नव्हते. एक माणूस गळ टाकून बसला होता, त्याच्या सदऱ्याला पाठीवर ठिगळ होतं. शिष्टाचार विभागातल्या कारकुनाने सही करताना मला पाणी विचारलं. त्रेचाळीस वर्षं झाली, तरी रणगाडे काही केल्या डोळ्यांपुढे येत नाहीत. ठिगळच येतं.

आता का, ते सांगतो. मान्य कर असं म्हणत नाही, वाच एवढंच म्हणतो.

चौकशीच्या वेळी एका उपसचिवांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं आणि म्हणाले, "प्रत पोचली असेल तर हा माणूस राजदूत होता. राजदूताने परत येण्याचा आदेश मोडला म्हणजे बडतर्फी, वर खटला. प्रत पोचली नसेल तर हा परदेशी अडकलेला एक अधिकारी. मुकाट्याने निवृत्त होईल, घरी बसेल. तू काय ते ठरव. तुझ्या एका वाक्याने तो वाचतो." मी सत्तावीस वर्षांचा होतो. एका वाक्याने माणूस वाचतो म्हटल्यावर मी ते लिहिलं. मला खरंच वाटलं की मी त्यांना वाचवतो आहे. त्याच वर्षी मला बढती मिळाली. हेही लिहून टाकतो, नाहीतर तू शोधून काढशीलच.

मी सही करून समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो तेव्हा पाहुण्यांची साक्ष चालू होती. दाराच्या फटीतून ऐकू आलं. ते म्हणत होते, "शिक्षा करा, पण राजदूत म्हणून करा." आत परत जायला मला दहा पावलं होती. मी गेलो नाही.

पाटीचंही खरं आहे. रुजू झालो त्या दिवशी दारातून आत शिरलो तर समोर त्यांचं नाव. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन वर्षं रोज सकाळी त्यांच्या समोरून जायचं, हे मला झेपणार नव्हतं. रंगारी आला तेव्हा म्हटलं, ती वरची ओळ चुकीची आहे, झाकून टाक. त्याने विचारलं, "साहेब, नक्की?" बाकी कुणीच विचारलं नाही.

आता तोडगा. आयुष्यभर तेच केलं, एक शेवटचा करू दे. सोबतच्या मोहोरबंद पाकिटात मी सगळं लिहून सही केली आहे. मी गेल्यावर ते उघड आणि मंत्रालयाला दे. तोवर पाटीवर 'पद रिक्त' काढून 'प्रभारी' असं लिहा आणि नाव घाला. पुस्तिकेत मी तळटीप देतो. त्यांना नाव मिळेल, मला म्हातारपण मिळेल, तुला मुदतवाढ मिळेल. कुणाचं काही बिघडत नाही.

तुझ्या मामीला यातलं काही माहीत नाही. तिच्यापुढे मी नेहमी पूल ओलांडणारा माणूस होतो.

मामा


२७ ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. खरं लिहिलंस हे मला कळलं, आणि ते सोपं गेलं नसणार हेही. तरी तोडगा मला मान्य नाही.

मोहोरबंद पाकीट न उघडता परत पाठवते आहे. तू एकोणसत्तर वर्षांचा आहेस आणि ते त्र्याण्णव. तू गेल्यावर ते पाकीट उघडायचं ठरवलंस, तेव्हा हा फरक तुला दिसला नाही असं मी समजत नाही. त्यांच्या मागे आलेला दाखला घ्यायला कोण येणार? त्यांनी एकेचाळीस वर्षं तो स्वतःसाठी मागितला आहे.

'प्रभारी'सुद्धा चालणार नाही. प्रभारी म्हणजे राजदूत नसताना काम पाहणारा. तू नेलेली प्रत अकरा चाळीसला पोचली, आणि त्या मिनिटापासून इथे राजदूत होते. तेराशे सोळा माणसांनी ज्या सहीवर घर गाठलं तिच्याखालचा हुद्दा मी बदलणार नाही. तू त्यांना वाचवलंस असंही मला वाटत नाही. त्यांना वाचायचं नव्हतं, हे दाराच्या फटीतून तूच ऐकलंस. शिक्षा त्यांची होती, ती त्यांच्याकडून काढून घेण्याचा अधिकार उपसचिवाला नव्हता आणि तुलाही नव्हता.

आता इथलं. २३ तारखेला मी बाईंना लेखी अहवाल दिला. पोचवहीचं सदतीसावं पान, पाटीच्या नमुन्याचे फोटो, अकराव्यांच्या आणि तुझ्या तारखा, एकेचाळीस पत्रांची यादी. तुझी खासगी पत्रं त्यात नाहीत. शेवटी एक वाक्य आहे: 'पद रिक्त' किंवा 'प्रभारी' असलेल्या यादीवर मी तपासणीची सही करणार नाही.

बाईंनी सगळं वाचलं. वाचायला चाळीस मिनिटं घेतली. मग म्हणाल्या, "तुझा करार संपायला महिना राहिलाय, लक्षात आहे ना?"

"अडतीस दिवस," मी म्हटलं.

"तुझे मामा आहेत ना हे?"

"हो."

"आणि तरी?"

"मामा म्हणून ते अहवालात नाहीत. तृतीय सचिव म्हणून आहेत."

त्या हसल्या नाहीत. पण अहवाल परतही केला नाही. त्यांचं म्हणणं असं की मंत्रालय वहीतली एक ओळ आणि समितीपुढचा सही केलेला अहवाल समोरासमोर ठेवेल आणि अहवाल धरेल. तो अहवाल खोडून काढू शकेल असा एकच माणूस जिवंत आहे. "त्यांचं निवेदन आण," त्या म्हणाल्या, "ओळ मी घालते. दाखल्यावर सहीही मीच करते. नाही आणलंस तर हे सगळं मंत्रालयाकडे जाईल आणि तिथून काय येतं ते आपण दोघी बघू." त्यांनी 'आपण दोघी' म्हटलं, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

त्यामुळे हा विषय आता तुझ्या परवानगीचा राहिलेला नाही. अहवाल जाणारच आहे. त्यात तुझं नाव एकतर भिजलेल्या वहीत सापडेल, नाहीतर तू स्वतः येऊन सांगितलंस म्हणून असेल. ते दहा पावलांचं अंतर अजून तेवढंच आहे, आणि आत बसलेला माणूसही अजून आत बसलेला आहे. त्यांना मी अद्याप काही कळवलेलं नाही. अर्धी बातमी मी कुणाला देत नाही.

मामीने मला पुलाबद्दल विचारलं होतं. ते तू सांगायचं आहेस, म्हणून मी तिला उत्तर दिलेलं नाही. तिचंही पत्र माझ्याकडे दहा दिवस पडून आहे, आणि मला ते आवडत नाही.

काय हवं आहे ते स्पष्ट लिहिते. एक पान. गुरुवारी प्रत कुणी नेली, किती वाजता दिली, कुणी घेतली. समितीपुढचा परिच्छेद तीन खरा नव्हता हे एका वाक्यात. कारणं लिहायची असतील तर लिही, नसतील तर नको. खाली सही, आजची तारीख, आणि पाकीट उघडं. पुस्तिकेतली ती ओळही तूच बदल. इतिहास तू लिहितो आहेस, मी नाही.

पितळ कोरणारा सोमवारी, १० नोव्हेंबरला कामाला सुरुवात करेल. सातवे आणि आठवे यांच्या मध्ये मी बावीस मिलिमीटर जागा ठेवायला सांगितली आहे. एक नाव आणि दोन तारखा त्यात नीट बसतात. यादी वीस नावांची झाली आहे आणि तिच्यावर मी सही केली आहे.

तुझं उत्तर मला शुक्रवार, ७ नोव्हेंबरपर्यंत मिळावं.

तुझी भाची